वीस झोके की एकोणीस?

प्रयोगशाळेच्या खिडकीतून : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो की प्रयोगशाळेत एखादी गोष्ट मोजायची असेल आणि थेट मोजता येत नसेल, तर ती हलकेच हलवून बघावी, डोलायला लागली की मोजता येते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सांगलीतल्या एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये माझी ३४ वर्षं गेली. त्यातली बरीचशी लंबकाचे दोरे बांधण्यात आणि पोरांनी घातलेल्या गाठी सोडवण्यात गेली. तेव्हा बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलून या वेळी फक्त झोक्यांचे घेतोय.

सर, मी अकरावीत आहे. साध्या लंबकाच्या प्रयोगात माझं जी (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, सेंटीमीटर-सेकंदात) १०८३ आलं. पुन्हा केलं, तरी तेवढंच. लॅबमधले सर म्हणाले, '९८० लिही आणि सही घे.' मी लिहिलं, पण मनाला पटलं नाही. रीडिंग्ज सोबत देते. लांबी १०० सेंटीमीटर, वीस झोक्यांना ३८.२ सेकंद. लांबी ८०, वेळ ३४.१. लांबी ६०, वेळ २९.६. चूक कुठे झाली?
(विद्यार्थिनी, तासगाव)

पोरी, तुझ्या सरांवर मी रागावणार नाही. तीस-तीस पोरांची बॅच, स्टॉपवॉच चार, त्यातलं एक बंद, अशा लॅबमध्ये मीही उभा राहिलोय. पण तू रीडिंग्ज जपून ठेवलीस आणि पाठवलीस हे फार बरं केलंस. त्यात तुझी चूक स्वच्छ दिसते.

आधी बघ, तुझ्या तीन लांब्यांवरून जी किती येतं: १०८२, १०८६ आणि १०८१. आपसात त्यांचं चांगलं जमतंय. हात थरथरत असता, स्टॉपवॉच कधी लवकर कधी उशिरा दाबलं असतं, तर एक ९५०, दुसरं १०१० असं काहीतरी विखुरलेलं आलं असतं. तुझी तिन्ही उत्तरं एकाच बाजूला, सारखीच सरकलेली आहेत. म्हणजे धांदल नाही. एकच चूक तू दर वेळी न चुकता केली आहेस.

आता आकडा बघ. आपल्या भागात जी साधारण ९७८ असतं. तुझं १०८३ त्याच्या १.१०७ पट आहे. जी काढताना आवर्तकालाचा, म्हणजे एका पूर्ण झोक्याच्या वेळेचा, वर्ग होतो, म्हणून याचं वर्गमूळ घ्यायचं: १.०५२. आणि २० भागिले १९ करून बघ. १.०५३. आलं लक्षात? तू वीस झोके मोजलेच नाहीस, एकोणीस मोजलेस. गोळा खुणेवरून पहिल्यांदा गेला, तू स्टॉपवॉच दाबलंस आणि तोंडाने म्हणालीस 'एक'. त्या क्षणी एकही झोका पुरा झालेला नव्हता.

तुझ्याकडे घरी कुणी धान्य मापाने मोजत असेल तर ऐक. पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतात. पण तो 'लाभ'सुद्धा माप पोत्यात पडल्यावर म्हणतात, भरायच्या आधी नाही. लंबकाचंही तेच. स्टॉपवॉच दाबताना 'शून्य' म्हणायचं, आणि गोळा त्याच दिशेने पुन्हा खुणेवरून गेला की 'एक'. मी पोरांना उलट मोजायला लावायचो, 'तीन, दोन, एक, शून्य', आणि शून्याला अंगठा खाली. एवढ्याने निम्म्या जर्नलांतले आकडे सुधारायचे.

आता तुझीच रीडिंग्ज वीसऐवजी एकोणिसाने भाग. जी येतं ९७७, ९८१ आणि ९७६. सरासरी ९७८. सही घ्यायला लिहिलेल्या ९८०पेक्षा तुझं खरं उत्तर सांगलीच्या जास्त जवळचं आहे. विषुववृत्तावर जी ९७८ आणि ध्रुवांवर ९८३ असतं. आपण विषुववृत्तापासून जेमतेम १७ अंश उत्तरेला, वर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर. पुस्तकातलं ९८१ हे युरोपातल्या अक्षांशांचं आहे. ते सांगलीत यावं असा हट्ट धरणंच चूक.

वीस झोके का, एक का नाही, हे तू विचारलेलं नाहीस तरी सांगतो. बोट स्टॉपवॉचवर पडायला थोडा उशीर होतोच, धरून चालू ०.२ सेकंद. मीटरभर दोऱ्याचा एक झोका दोन सेकंदांचा. एकच झोका मोजलास तर चूक १० टक्के. वीस मोजलेस तर तोच ०.२ सेकंद चाळीस सेकंदांत वाटला जातो, अर्धा टक्का उरतो. शंभर मोजलेस तर एक दशांश टक्का. घड्याळ तेच, बोट तेच. झोक्यांवर मोजमाप बसवण्याचा खरा फायदा हा आहे. मात्र वेळ घेताना गोळा कडेला थांबल्यासारखा वाटतो तिथे घेऊ नकोस. मधे, जिथे तो सर्वांत वेगात असतो तिथे टेबलावर खडूची रेघ मार आणि त्या रेघेवर घे. कडेला नेमका कधी वळला ते डोळ्याला कळत नाही.

आणि आयाम, म्हणजे गोळा मधल्या जागेपासून किती बाजूला जातो ते, लहान ठेव. ५ अंशांवर आवर्तकाल फक्त ०.०५ टक्क्याने वाढतो, १० अंशांवर ०.२, २० अंशांवर जवळजवळ ०.८ टक्क्याने. वर्गामुळे जीमध्ये तो फरक दुप्पट होतो. मीटरभर दोऱ्याला ५ अंश म्हणजे बाजूला पावणेनऊ सेंटीमीटर. वीतभरसुद्धा नाही. पोरं हौसेने हातभर ओढून सोडतात.

माझीही एक गोष्ट सांगून टाकतो. बारावीच्या प्रॅक्टिकलला मीही ९८० लिहिलं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्याच रीडिंगवरून गणित मांडलं आणि ९४२ काढलं. रागावले नाहीत. पेन्सिलीने ९४२च्या खाली रेघ मारली आणि विचारलं, "दोरा कुठपर्यंत मोजलास?" हुकापर्यंत, ५० सेंटीमीटर. हूक आणि गोळ्याची त्रिज्या मिळून आणखी १.९ सेंटीमीटर होतं ते मी धरलंच नव्हतं. मग म्हणाले, "पाच-सहा लांब्या घेऊन लांबीविरुद्ध आवर्तकालाच्या वर्गाचा आलेख काढला असतास तर हे आपोआप कळलं असतं." खरंच होतं ते. रेघ शून्यातून न जाता लांबीच्या अक्षाला उणे १.९वर कापते, आणि तिचा उतार मात्र बरोबर राहतो. जी त्या उतारातून काढायचं. पास झालो, पण कान अजून गरम होतात.

आमच्याकडे पणजोबांच्या वेळचं लंबकाचं भिंतीवरचं घड्याळ आहे. ते आता महाबळेश्वरच्या घरी न्यायचंय. उंचीवर ते मागे पडेल असं शेजारी सांगतात. खरं का?
(वाचक, सातारा शहर)

शेजारी तत्त्वतः बरोबर बोलतात. वर गेलं की जी कमी होतं, झोका लांबतो, घड्याळ मागे पडतं. ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती उंचीमुळे नाही, अक्षांशामुळे. १६७२मध्ये झां रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या केयेनला गेला, तर त्याचं घड्याळ तिथे दिवसाला अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. लंबक थोडा आखूड केला तेव्हा ते वेळेवर आलं. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे या न्यूटनच्या म्हणण्याला त्या निरीक्षणाचा मोठा आधार मिळाला.

तुमचा प्रवास त्या मानाने अगदी छोटा आहे. साताऱ्यापेक्षा महाबळेश्वर साधारण साडेसहाशे मीटर उंच. तेवढ्याने घड्याळ दिवसाला आठ-नऊ सेकंदांनी मागे पडायला हवं, आणि पायाखालच्या डोंगराची ओढ धरली तर त्याहूनही कमी. पण तिथे हवा गार. लंबकाची दांडी पितळी असेल तर दर अंशाला आखडून घड्याळ दिवसाला सुमारे ०.८ सेकंद पुढे जातं. सहा-सात अंशांचा फरक असला तर पाच सेकंद इथेच परत मिळाले. म्हणजे उंचीने घेतलेलं थंडी बरंचसं परत देते. अशा घड्याळाला एरवी आठवड्याला मिनिटभराचा फरक पडतोच, त्यात हे तुम्हाला कळणारही नाही.

नवीन भिंतीवर ते तिरकं लागलं तर मात्र बंद पडेल. टांगल्यावर डोळे मिटून ऐका. टिक आणि टॉक यांच्यामधलं अंतर दोन्हीकडे सारखं हवं. लंगडत चालल्यासारखा आवाज आला तर घड्याळ किंचित डावी-उजवीकडे सरकवा. पुढेमागे वाटलं तर गोळ्याखालचा स्क्रू अर्धा आटा फिरवा, एकदम दोन नको. आणि न्यायच्या आधी लंबक काढून कापडात गुंडाळा. घाटात आत आपटत राहिला तर त्याची पातळ पत्तीच तुटते.

माझं वय १२. अवकाश स्थानकात वजन नसतं, मग अंतराळवीर बारीक झाला का जाड हे कसं समजतं?
(कराड)

झोका देऊन! स्प्रिंग लावलेल्या खुर्चीत किंवा दांड्यावर त्याला घट्ट धरून बसायला लावतात आणि स्प्रिंग सोडतात. तो पुढेमागे हलायला लागतो. जितकं वस्तुमान जास्त तितका झोका सावकाश. १९७३मध्ये स्कायलॅब या अमेरिकेच्या अवकाश स्थानकावर असं यंत्र होतं. हातपाय हलवायचे नाहीत, नाहीतर रीडिंग बिघडतं.

घरी बघायचंय? हॅक्सॉचं जुनं पातं मोठ्या माणसाकडून टेबलाच्या कडेला आवळून घे, असं की ते आडवं, डावी-उजवीकडे हलेल. टोकाला मातीचा गोळा चिकटव आणि झोके मोज. मग गोळा वाढवत जा. पात्याचं स्वतःचं वजन नगण्य असेल तर चौपट मातीला झोका दुप्पट वेळ घेतो. पातं थोडं जड असतं, म्हणून तुझा आकडा दुपटीच्या जरा अलीकडे येईल.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. टॉर्शनल पेंड्युलमने (तारेला टांगलेली, पिळाने डोलणारी तबकडी) तारेचा रिजिडिटी मॉड्युलस (तिच्या धातूचा पिळाला होणारा विरोध) काढला. तो दर वेळी आठ टक्के कमी येतो. शंभर-शंभर झोके मोजले, स्टॉपवॉच बदललं, तबकडी पुन्हा तोलली. आता काय करू?
(विद्यार्थी, मिरज)

स्टॉपवॉच खाली ठेव आणि तारेची जाडी मोजायचा स्क्रू गेज हातात घे. तू जिथे चोर नाही तिथे पहारा देतोयस.

तारेला पीळ दिला की ती उलटा जोर लावते, आणि तो जोर तारेच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. चौथ्या! वेळेतली चूक उत्तरात दुप्पट होते, जाडीतली चौपट. तुमच्याकडे सहसा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची तार असते. स्क्रू गेजचा लीस्ट काउंट, म्हणजे त्याचं एक घर, ०.०१ मिलिमीटर. तार खरी ०.४६ असेल आणि तू ०.४७ लिहिलं असशील, तर एवढ्या एका घराने उत्तर आठ टक्क्यांनी कमी येतं. तुझी चूक तेवढीच आहे, आणि दर वेळी कमीच, म्हणून मला संशय आहे तो झीरो एररचा. जबडे रिकामे मिटवून बघ. शून्य रेघ एक घर राहिलेली असेल तर ते एक घर वजा करायचं राहिलंय. शिवाय तार एकाच जागी मोजू नकोस. दहा ठिकाणी मोज, आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा. जुन्या तारा गोल राहिलेल्या नसतात.

मिरजेत राहतोस, तर एकदा सतारमेकर गल्लीत जाऊन ये. तिथे तारेच्या जाडीला किती जपतात ते बघ. ताण आणि लांबी तीच ठेवून तार एक टक्का जाड घेतली तर सूर एक टक्का उतरतो, आणि तेवढंही त्यांच्या कानाला खटकतं. तुझ्या प्रयोगात तोच एक टक्का चार होऊन बसतो.

या प्रयोगाला विद्यार्थी कंटाळवाणा म्हणतात, म्हणून थोडं अवांतर. हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने १७९८मध्ये पृथ्वीची घनता जाहीर केली ती याच पिळाच्या झोक्यावर. सहा फुटी दांडीच्या टोकांना शिशाचे छोटे गोळे, दांडी तारेला टांगलेली, आणि शेजारी दीडशे किलोंहून जड असे दोन मोठे गोळे. मोठ्यांनी छोट्यांना ओढलं की तार किंचित पिळली जाणार. पण किती पिळाला किती जोर, हे कळणार कसं? इतका क्षीण जोर मोजणारा काटा कुठून आणणार? त्याने दांडी डोलू दिली आणि एका झोक्याला लागणारा वेळ मोजला. जाड तार लावल्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेला जायला सुमारे सात मिनिटं. त्या वेळातून तारेचा ताठपणा निघाला, ताठपणातून ओढ, आणि ओढीतून पृथ्वी पाण्याच्या ५.४८ पट दाट. आजचा आकडा ५.५१. माणसाच्या अंगच्या उबेने हवा हलू नये म्हणून तो खोलीबाहेर उभा राहून दुर्बिणीतून बघायचा. तू मात्र पंख्याखाली प्रयोग करत नाहीस ना?

चुंबकपट्टी दोऱ्याला टांगली की डोलत डोलत उत्तर-दक्षिण थांबते. त्या डोलण्याला काही अर्थ आहे की थांबेपर्यंत वाट बघायची?
(वाचक, वाई)

थांबल्यावर दिशा कळते. पृथ्वीचं चुंबकत्व तिथे किती जोरदार आहे ते डोलण्यातून कळतं. जोर जास्त तर झोके भराभर. अडचण एवढीच की झोक्यात पृथ्वीचा जोर आणि पट्टीचा जोर यांचा गुणाकार मिळतो. तीच पट्टी दुसऱ्या चुंबकसुईजवळ ठेवून सुई किती वळते ते बघितलं की भागाकार मिळतो. दोन्ही हातात आले की दोन्ही वेगळे काढता येतात. ही युक्ती जर्मन गणितज्ञ गाऊसची, १८३२ची.

मुंबईत कुलाब्याला अशी निरीक्षणं चालत. पुढे विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने सगळं बिघडणार हे ओळखून वेधशाळेचं चुंबकीय काम अलिबागला हलवलं. १९०४पासून ते तिथे चालू आहे. आमच्या लॅबमध्ये ट्राम नव्हती, लोखंडी स्टूल होतं. कुणी ते टेबलाजवळ ओढून बसलं की झोक्यांचा वेळ बदलायचा, आणि पोरं पट्टीला दोष द्यायची.

जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. उपकरणांची पेटी आहे पण अर्धी रिकामी. झोक्यावरचा असा एखादा प्रयोग सुचवा ज्याचं उत्तर दुसऱ्या मार्गाने तपासता येईल.
(शिक्षक, जत तालुका)

गुरुजी, स्वयंपाकघरातली कढई घ्या. जुनी, ठोकून केलेली, खालून गोल असलेली. टेम्पोच्या गॅरेजमधून बेअरिंगचा एक मोठा छर्रा मागून आणा, बहुतेक फुकट देतात. कढई पुसून कोरडी करा, ओल्या मातीच्या कड्यावर पक्की बसवा, छर्रा मधल्या जागेपासून दोन-तीन बोटं वर धरून सोडा. तो लंबकासारखाच मागेपुढे येतो. कढईचा गोलवा जितका उथळ तितका झोका लांब. गोलव्याची त्रिज्या वजा छर्र्याची त्रिज्या बरोबर १७.७ गुणिले आवर्तकालाचा वर्ग. उत्तर सेंटीमीटरमध्ये.

आमच्या घरच्या कढईवर मागच्या रविवारी करून बघितलं. छर्रा २ सेंटीमीटर व्यासाचा. दहा झोक्यांना १०.३ सेकंद, म्हणजे १.०३चा वर्ग १.०६, गुणिले १७.७, आले १८.८. छर्र्याचा १ मिळवला, १९.८ सेंटीमीटर. मग तपासणी. कढईच्या तोंडावर पट्टी आडवी ठेवली. रुंदी २८, मधली खोली ५.९. निम्म्या रुंदीचा वर्ग भागिले दुप्पट खोली, अधिक निम्मी खोली: १६.६ अधिक २.९५, म्हणजे १९.६. दोन मिलिमीटरचा फरक. मी खूश. घरच्यांचं म्हणणं असं की कढईचा गोलवा मोजून भज्यांना काय फरक पडणार आहे.

या १७.७मध्ये जी आहे, आणि छर्रा घरंगळतो याचा हिशेबही आहे. नुसता घसरणारा तुकडा असता तर तिथे साधारण २४.८ आलं असतं. छर्र्याला पुढे जाता जाता स्वतःभोवती फिरावंही लागतं, त्यात जोर वाटला जातो, म्हणून त्याच कढईत त्याला जास्त वेळ लागतो. मोठ्या मुलांना हा फरक जरूर दाखवा. लहानांना नुसते झोके मोजू द्या, शून्यापासून.

एक अडचण येईल. बाजारातल्या नव्या कढयांचं बूड गॅसच्या शेगडीसाठी सपाट केलेलं असतं. तिथे छर्रा मधल्या सपाट जागेत सरळ पळतो आणि आवर्तकाल ओढण्यावर अवलंबून राहतो. तीन वेगवेगळ्या उंचींवरून सोडून बघा. वेळ सारखा आला तर कढई चालेल, नाहीतर शेजारच्या आजींची मागून आणा.